भट्टीच्या घरात पोर देऊ नका

कळव्याला खाडीच्या काठी दामाजी कोळ्याच्या घरामागं शिशाची भट्टी होती. सकाळची न्याहरी आटोपली की त्याची आई भागीरथी ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसे, दामाजी टेम्पो घेऊन ठाण्याला निघे आणि त्याची बायको मालू पदर खोचून भट्टीवर जाई. १९९३ सालच्या माघातली ती सकाळही तशीच उजाडली होती.

भट्टी म्हणजे तरी काय, जमिनीत खणलेला खड्डा, वर लोखंडी कढई आणि विस्तवाला वारा घालायला एक पंखा. सासरा गोमाजी हयात असताना त्या कढईत जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या जात, त्याही नवं जाळं विणलं की तेवढ्यापुरत्या. पुढं काठावरच्या कारखान्यांनी खाडीत आपलं पाणी सोडलं, बोय मासा आणि कोळंबी विरळ झाली, होडी उलटी घालून ठेवावी लागली. तेव्हा दामाजीनं भट्टीचाच धंदा केला.

ठाण्यातल्या मोठ्या कचेऱ्यांची स्वतःची टेलिफोन एक्स्चेंजं असत. वीज गेली तरी साहेबांचे फोन चालू राहावेत म्हणून त्यांच्या दिमतीला खोली भरून बॅटऱ्या. त्या वर्षांत जुनी यंत्रं काढून नवी इलेक्ट्रॉनिक बसवण्याची लाट आली होती. जुन्या बॅटऱ्या, शिशाच्या आवरणातल्या जाड केबली, सगळं भंगारात निघे आणि दामाजी जास्त भाव देऊन ते उचले. मग बॅटरीतलं तेजाबाचं पाणी खाडीत, फुटक्या पेट्या खाजणात आणि आतले पत्रे कढईत.

कढई मालूच्या ताब्यात. वर आलेली मळी झाऱ्यानं काढायची, खालचं शिसं साच्यात ओतायचं, गार झालेली मळी टोपलीत भरून भरतीच्या पाण्यात टाकून यायचं. धुराची एक गोडूस चव जिभेवर बसे आणि जेवताना भातालाही तीच चव येई. भागीरथी म्हणे, "गोड लागतंय ना, मग लक्ष्मी हाय ती. तोंड वाकडं करू नको."

त्या सकाळी मालू पाच महिन्यांची पोटुशी होती. याआधी दोनदा तिची कूस अशीच भरली आणि रिकामी झाली होती. झारा उचलताना कंबरेतून कळ आली तेव्हा ती काय ते समजली. हाक मारायच्या आधी तिनं पंखा बंद केला, साचा बाजूला सरकवला, कारण शिसं सांडलं तर सासू काय बोलेल हे तिला पाठ होतं. मग ती तिथंच बसली. शेजारणींनी तिला उचलून आत नेलं तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भागीरथीनं पाणी तापवलं, चादर बदलली. मग शेजारणींच्या देखत उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "वांझ परवडली गो बायांनो. वांझेला पोर येतच नाय. ही पोरखाई हाय. पोर येतंय आनि ही खातेय."

तो शब्द घरातून गल्लीत गेला आणि गल्लीतून कोळीवाडाभर. पाण्यावरच्या बाया मालू आली की आपली लेकरं कडेवर घेत. कुणाकडे बारशाला तिला बोलावणं येईना. भगतानं अंगारा दिला, शनिवार धरायला लावले, ते सगळं तिनं केलं आणि त्याच उपाशी पोटी भट्टीही फुंकली. दामाजी वाईट माणूस नव्हता, असं लोक म्हणत. तो हात उगारत नसे, दारू पीत नसे. पण आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटे. वैशाखात त्यानं भिवंडीकडच्या एका गरिबाची पोर, कलावती, देवळात माळ घालून घरी आणली. पहिली बायको नांदत असताना दुसरी करता येत नाही, असा कायदा आहे. पण कायदा खाडीपलीकडे कोर्टात राहतो, आणि कोळीवाड्यातली एक बाई त्याला आणायला पूल ओलांडून जाईल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

"ऱ्हायची तर ऱ्हा," भागीरथी मालूला म्हणाली. "भट्टीला दोन हात जास्त झाले तर कुनाला नकोत. पन नव्या पोरीच्या वाटंला जाऊ नको. तुजी सावली नको तिच्यावर."

मालूनं एक लुगडं आणि एक चोळी फडक्यात बांधली आणि ती चालत कोपरीला मावशीकडं गेली. तिची पत्र्याची पेटी कळव्यालाच राहिली.

मावशी मनुबाई कोपरीत मासळी विकी. नवरा गेल्यापासून ती एकटी होती, बोलायला फटकळ आणि मनानं मऊ. तिनं काही विचारलं नाही. पण मालूचं तोंड मातीसारखं झालेलं, पोटात सारख्या कळा, आणि चालताना गुडघे थरथरायचे. आठ-पंधरा दिवस पाहून मनुबाईनं तिला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि खिडकीजवळ नेऊन पुन्हा पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"घरी शिसं वितळवता का?" त्यांनी विचारलं.

मालू दचकली. तिनं तर फक्त पोट दुखतं एवढंच सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि मग तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शिशाचा धूर रक्तात जातो, हाडांत मुरतो. आईच्या रक्तातून पोटातल्या गर्भाला जातो आणि गर्भ टिकत नाही. टिकला तर मूल मंद होतं. मनगटातली ताकद जाते. "तुझ्या कुशीत काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "तू तिथून निघालीस हेच औषध. तिथं आणखी कोणी बाई आहे का? पोटुशी राहायच्या आत तिला बाहेर काढ. निरोप दे, नाहीतर मला पत्ता दे."

"हाय कोनीतरी," मालू म्हणाली. "सांगते मी."

तिनं सांगितलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला हलकं वाटायला हवं होतं, कारण ती पोरखाई नव्हती. पण तिच्या पोटात जे पेटलं ते हलकं नव्हतं. ज्या कढईनं तिची तीन लेकरं गिळली त्या कढईपाशी आता दुसरी बसली होती, आणि तिच्या डोक्यावरून सासू मीठमोहऱ्या ओवाळीत होती. बसू दे तिला, मालूला वाटलं. चव घेऊ दे त्या म्हातारीला पुन्हा एकदा. म्हनू दे, ही पण पोरखाई. मग कळेल.

हा विचार तिनं कुणालाही सांगितला नाही. तो तिनं एखाद्या दागिन्यासारखा जवळ ठेवला.

मनुबाईचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, हरिहर कर्णिक. कोपरीतच राहत, मासळी ताजी आहे की नाही ते वासावरून सांगत, आणि ठाण्यातल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या कचेरीत प्रशासन अधिकारी होते. मनुबाईच्या शब्दावर त्यांनी मालूला कचेरीच्या कँटीनमध्ये चहाच्या कामाला लावलं. सरळ माणूस. कुणावर आवाज चढवायचा नाही, आवारात स्वतः उभं राहून रोपं लावायची, रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की आत जाऊन बंद करायचा. मालूला ते बरे वाटत.

दोन वर्षं गेली. मालूच्या अंगावर रंग आला, पोटदुखी थांबली. १९९५ च्या मे महिन्यात कचेरीतलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज निघालं. त्याची एक अख्खी खोली होती. आत लोखंडी घोडे आणि त्यांवर खटखट करणाऱ्या शेकडो पट्ट्या, त्या तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारं थंड हवेचं यंत्र, आणि पलीकडच्या खोलीत तेजाबाच्या वासानं डोळे चुरचुरवणाऱ्या बॅटऱ्यांच्या रांगा. नवं एक्स्चेंज एका कपाटात मावलं. पर्यावरण दिनाला त्याचं उद्घाटन ठरलं. कर्णिकांनी सगळ्यांना जमवून छोटंसं भाषण केलं. नव्या यंत्राला वीज किती कमी लागते, त्याच्या बॅटऱ्या कशा बंद पेटीतल्या आणि बिनवासाच्या आहेत, फोन सोयीचा झाला की चिठ्ठ्याचपाट्यांचा कागद कसा वाचेल, हे त्यांनी मनापासून सांगितलं. "आपली कचेरी आता निसर्गाशी मैत्री करणारी झाली," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालू पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती.

ताट रिकामं झाल्यावर ती मागच्या दाराशी गेली आणि तिथं तिला ओळखीचा टेम्पो दिसला. जुन्या बॅटऱ्या एकेक करून त्यात चढत होत्या. दामाजी डाव्या हातानं पेटी धरी आणि उजवं कोपर खाली लावी. उजवा पंजा मनगटातून लोंबत होता, मोडलेल्या फांदीसारखा.

त्यानं तिला पाहिलं. क्षणभर थबकला, मग जवळ आला. "हितं कामाला हायस?"

"हाताला काय झालं?"

"वारा गेला हातावरून. भगताचं औषध चालू हाय." तो थोडा वेळ पायानं खडे उडवत राहिला. मग त्याला राहवेना. "कलावतीला चौथा लागलाय. आये बोल्ली, ह्या वक्ताला टिकनार. नवं पोर आलं की भट्टीवर पत्रा घालनार हाय मी."

"भट्टीवर कोन बसतंय?"

"तीच. दुसरं कोन बसनार."

मालूच्या ओठांवर वाक्य आलं होतं. तीनच शब्द, तिला तिथून काढ. दामाजी उभा होता, टेम्पो उभा होता, आतून पेढे खाल्लेल्या लोकांचं हसणं ऐकू येत होतं. मालूच्या डोळ्यांपुढं उंबऱ्यात उभी राहिलेली सासू आली.

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि रिकामं ताट घेऊन आत गेली.

श्रावण सुरू व्हायच्या सुमाराला मनुबाई बाजारातून बातमी घेऊन आली. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "त्या तुझ्या भट्टीवाल्याची दुसरी पन रिकामी झाली गो."

मालू कांदा चिरत होती. ती चिरत राहिली. तिला वाटलं होतं तसंच झालं, उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं वाटलं. तिनं चुलीवर रस्सा टाकला, मावशीला वाढलं, स्वतः पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिला एवढ्यावर समाधान वाटेना. म्हातारीचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. माझी पेटी न्यायला आले, असं निमित्त करून ती कळव्याला गेली.

ओसरीवर भागीरथी बसली होती, समोर दोन शेजारणी. मालूला पाहून ती उठलीसुद्धा नाही. तिचं बोलणं चालूच होतं. "नशीबच फुटकं आमचं. एक गेली तर दुसरी तिच्यावरची. हीपन पोरखाईच निघाली. आता भाऊबीजेनंतर उरणच्या बाजूला बघनार हाय. ह्या वक्ताला जात्याच धडधाकट बघून आनू."

मालू जे पाहायला आली होती ते तोंड तिथं नव्हतंच. म्हातारीच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, भीती नव्हती, साधा घावही नव्हता. तिनं शब्द तोच ठेवला होता, फक्त पोर बदलली होती. आता तिसरी बदलणार होती.

कलावती मागच्या पडवीत जुन्या जाळ्यांवर पडली होती. वय वीसच्या आत. मालूला ओळखून ती उठून बसली आणि पदर सावरला. "बाय, पेटी मी नीट ठेवलीय तुमची," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुमालापन असंच झालेलं ना? काय पाप केलंय वो आपन?"

तिनं तोंड उघडलं तेव्हा पडवीतल्या उजेडात मालूला तिच्या हिरड्या दिसल्या. तीच निळी रेघ.

मालू खाली बसली. तिनं सगळं सांगितलं, दवाखाना, रक्त, धूर, रेघ. आपल्या हिरड्या दाखवल्या, आता तिथली रेघ फिकट झाली होती. कलावती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुमाला कवा कळलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन वर्सं झाली," मालू म्हणाली. "तुला चौथा लागला तेपन ठाव होतं मना."

कलावतीनं शिवी दिली नाही की ती रडली नाही. भिंतीला हात लावून उठली, आपलं लुगडं घडी करून फडक्यात बांधलं आणि मालूच्या पेटीची एक कडी धरली. "मी येते तुमच्यासंगती," ती म्हणाली. "हितं मरन्यापेक्षा बरं. पन तुमाला मी माफ नाय केलं. ते ध्यानात ठेवा."

"ठेवते," मालू म्हणाली.

दोघी पेटी धरून ओसरीवरून बाहेर पडल्या. भागीरथी मागून काय काय ओरडत होती, पण एकीनंही मान वळवली नाही.

पूल ओलांडून कोपरीला येईपर्यंत मालूला कळलं होतं की तिचा राग दोन वर्षं चुकीच्या घरी राहायला होता. राग कमी झाला नव्हता, उलट दुप्पट झाला होता, कारण आता त्यात कलावतीच्या लेकराचा वाटा होता आणि ते लेकरू आपल्या गप्प राहण्यानंही गेलं, हे तिचं तिला माहीत होतं.

तिसरी आणणार म्हातारी. आण म्हणावं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुटलं की मालू आणि कलावती बाहेर पडत. मनुबाईच्या ओळखीच्या मासळीवाल्या ठाण्यापासून उरणपर्यंत सगळ्या कोळीवाड्यांत होत्या. ज्या घरात लग्नाची पोर आहे त्या घरी दोघी जात, दारात बसत, पाणी मागत. मग मालू सांगे, "आमी दोघी एकाच घरच्या सुना. तिथं शिसं उकळतात. आमची पोरं त्यानं गेली. तुमच्याकडं मागनी आली तर भट्टीच्या घरात पोर देऊ नका." कुणी ऐकून घेई, कुणी हाकलून देई, सवतीसवती मिळून घर बुडवायला निघाल्या म्हणून हसे. पण एका पुरुषाच्या दोन बायका शेजारी शेजारी बसून एकच गोष्ट सांगतात, हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. हसणारे रात्री आपल्या लेकीकडं पाहत.

भाऊबीजेनंतर भागीरथी नवी साडी नेसून मुली पाहायला निघाली. पहिल्या घरी चहा मिळाला, पोर बाहेर आली नाही. दुसऱ्या घरी यजमान म्हणाले, यंदा करायचं नाही. तिसऱ्या घरी घरधनीण दारातच म्हणाली, "तुमच्या भट्टीचं ऐकलंय आमी." भागीरथी तशीच माघारी फिरली आणि तिनं जमात बोलावली. सुनांनी घराची अब्रू वेशीवर टांगली, त्यांना दंड करा, ही तिची मागणी.

देवळाच्या मंडपात माणसं जमली. जमातीचे पाटील सीताराम मधोमध बसले. एका बाजूला भागीरथी आणि दामाजी, दुसऱ्या बाजूला दोघी सवती. भागीरथी पुष्कळ बोलली. ह्या दोघी पोरखाया, आपलं पाप भट्टीवर ढकलतायत. चाळीस वर्सं आमच्या घरी शिसं उकळतंय, मी त्याच घरात लेक वाढवला.

"तवा वर्सातनं एकदा उकळायचं, गोळ्यांपुरतं," मालू म्हणाली. "आता रोज उकळतंय." मग ती नवऱ्याकडं वळली. उखाण्याखेरीज तिनं त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. "दामाजी, उजवा हात वर कर."

मंडपात कुजबुज झाली. दामाजीनं हात वर केला. पंजा मनगटापासून खाली लोंबला.

"आता पंजा सरळ कर."

त्यानं प्रयत्न केला. कपाळावर घाम आला, दंडाच्या शिरा तटतटल्या, पण पंजा हलला नाही. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"तुमी बोल्लात पोरं आमी खाल्ली," मालू म्हणाली. "मग ह्याचा हात कुनी खाल्ला?"

मग मंडपाच्या कडेला बसलेली भट्टीशेजारची एक सून उठली. तिचंही एक गेलं होतं, तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्यामागून आणखी एक उठली. पाटील सीताराम जागेवरून उठले. त्यांच्या नातवाला चौथ्या वर्षीही बोलता येत नव्हतं आणि त्यांचं घर भट्टीच्या वाऱ्याखाली होतं. शेवटी ते म्हणाले, "ती कढई पालथी होईपातूर ह्या घरात जमातीची पोर जानार नाय. आनि दंड होयल तो ह्या बायांना नाय होनार."

पण एक कढई पालथी करून मालूचा हिशेब मिटत नव्हता. कढईत पडणारा माल कचेऱ्यांतून येत होता. त्यांना तर कुणी जमातीत बोलावलं नव्हतं.

ती कर्णिकांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या बॅटऱ्यांचं काय झालं ते तिनं सांगितलं. कर्णिकांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढून पुसला. "फार वाईट झालं, मालूबाई. पण हे बघा, जो जास्त भाव देतो त्याला भंगार द्यायचं, असा कंपनीचा नियम आहे. फाटकाबाहेर गेलेल्या मालाचं पुढं कोण काय करतं, त्यावर आमचा काय इलाज?"

"बरं साहेब," मालू म्हणाली आणि त्यांचा गार झालेला चहा उचलून घेऊन गेली.

रविवारी मनुबाईऐवजी तीच पाटी घेऊन कर्णिकांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. तिला चिंबोऱ्या आवडतात म्हणून कर्णिक दर रविवारी घेत. लेक दारात स्टुलावर बसली होती, बाप पिशवी घेऊन उभा होता. मालूनं पाटीवरचं फडकं काढलं. चिंबोऱ्या नांग्या हलवत होत्या.

"कळव्याच्या हायत साहेब," ती म्हणाली. "दामाजीच्या भट्टीपुढच्या. तुमच्या बॅटऱ्यांचं पानी जिथं ओततात ना, त्याच चिखलातल्या. दर रविवारी तिथल्याच देतो आमी तुमाला."

कर्णिकांचा हात पिशवीतच राहिला. लेकीनं आधी बापाकडं, मग पाटीकडं पाहिलं आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"आणि तुम्ही हे आम्हाला विकत होता?" कर्णिकांचा आवाज कधी नव्हे तो चढला.

"आधी तुमी बॅटऱ्या विकल्यात," मालू म्हणाली. "मग आमी चिंबोऱ्या विकल्या. फाटकाबाहेर गेलेल्या मालाचं कोन काय करतं, त्यावर आमचा तरी काय इलाज?"

एवढ्यातेवढ्या खाण्यानं सहसा काही होत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. ते तिला आठवत होतं. पण ती ते बोलली नाही. पाटी डोक्यावर घेऊन निघाली. या बापाचे थोडे दिवस असेच जाऊ देत, एवढंच तिच्या मनात होतं. मात्र त्याच संध्याकाळी ती मनुबाईला म्हणाली, त्या पोरीला दवाखान्यात पाठव, रक्त तपासून घे म्हणावं. पोरीचा त्यात काय दोष.

लेकीचं रक्त चांगलं निघालं. बाळही चांगलं झालं. पण त्या मधल्या दिवसांत कर्णिक एकटेच कळव्याला जाऊन खाडीचा काठ पाहून आले होते. काळ्या मळीचे थर, फुटक्या पेट्या आणि एका पेटीवर त्यांच्याच कचेरीचा रंगवलेला क्रमांक. आल्यावर त्यांनी कंपनीच्या बड्या साहेबांशी भांडण मांडलं. यापुढं बॅटऱ्या भंगारात विकायच्या नाहीत. नव्या बॅटऱ्या जो कारखाना देईल त्यानंच जुन्या परत नेऊन नीट गाळायच्या, ही खरेदीची अट. निघालेले टेलिफोन धुऊनपुसून गोदामात आणि फाटकावर लावायचे. जुन्या केबली जाळणाऱ्याला द्यायच्या नाहीत. यात कंपनीला पैसे कमी मिळत होते, म्हणून वरून पुष्कळ विरोध झाला. शेवटी कर्णिक म्हणाले, "मग पर्यावरण दिनाच्या त्या टाळ्या आपण परत करू." अट मान्य झाली. ओळखीच्या चार कचेऱ्यांतही त्यांनी ती मान्य करून घेतली. मालूचे आभार मानायला ते कँटीनमध्ये आले तेव्हा ती म्हणाली, "आभार नकोत साहेब. उशीर झालाय."

माल बंद झाला, जमातीनं पाठ फिरवली, दामाजीचा दुसरा हातही लोंबायला लागला. कढई पालथी पडली. शिमग्याच्या आधी एके दिवशी भागीरथी कोपरीच्या बाजारात मालूपुढं येऊन उभी राहिली. थोड्याच महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली होती.

"त्याला घास भरवावा लागतो," ती म्हणाली. "चल घरी. घर तुजंच हाय."

"येते," मालू म्हणाली. "पन आधी तुमी माझ्यासंगती चला. ज्या ज्या दारात मना पोरखाई बोल्लात त्या त्या दारात."

भागीरथीला वाटलं, सून मस्करी करतेय. मग तिला कळलं, ही मस्करी नव्हे. दुपारच्या उन्हात त्या दोघी कळव्याच्या कोळीवाड्यात गल्लीगल्लीनं फिरल्या. पुढं सासू, मागं सून. कलावतीही आली होती, ती थोडं अंतर ठेवून चालत होती. प्रत्येक दारात म्हातारी थांबे, आणि मालू वाट पाही.

"माझ्या सुना पोरखाया नवत्या," भागीरथी म्हणे. "पोरं माझ्या भट्टीनं खाल्ली."

पहिल्या दारांत तिचा आवाज फुटत नव्हता, तेव्हा मालूनं तिला पुन्हा म्हणायला लावलं. शेजारणींचे डोळे भरून आले. एकजण म्हणाली, जाऊ दे गो बाय, म्हातारी हाय. मालूनं जाऊ दिलं नाही. शेवटचं दार झालं तेव्हा भागीरथी पायरीवर बसली आणि तिनं सुनेकडं वर पाहिलं.

"आता येतेस ना घरी?"

"खोटं बोल्ले मी," मालू म्हणाली. "नाय येनार." कलावतीनं त्या वेळी पहिल्यांदा तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि काढून घेतला.

त्या उन्हाळ्यात मनुबाईच्या एका मासळीवालीनं निरोप आणला की आंबिवलीकडं नदीच्या काठी कोणीतरी नवी भट्टी घातली आहे, आणि तिला माल डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून येतो. तिथं आता कचेऱ्या-कचेऱ्यांत नवी टेलिफोन यंत्रणा बसत होती. सुट्टीच्या दिवशी मालू आणि कलावती डोंबिवलीला गेल्या. पहिल्या फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, काय पाहिजे.

"साहेबांना भेटायचंय. त्यांच्या जुन्या बॅटऱ्या कुठं जानार हायत, एवढंच विचारायचंय."

पहारेकरी हसला. साहेबांना वेळ नाही, म्हणाला. मालूनं फाटकासमोरची सावली पाहिली, पदर डोक्यावर घेतला आणि ती खाली बसली. कलावती तिच्या शेजारी बसली. आतून फोनची घंटी वाजल्याचा बारीक आवाज आला, कुणीतरी उचलला, बोलणं सुरू झालं.

"बसतो आमी," मालू म्हणाली. "उत्तर घेतल्याबगर जायाचं नाय."